अंगातली कणगी

कात्रपच्या नाक्यावर एका जिमचा भलामोठा फ्लेक्स लागलाय. डाव्या बाजूला एक जाड बाई, उजव्या बाजूला तीच बाई बारीक, आणि मध्ये लाल अक्षरांत 'हट्टी मेद हटवा!' शाळेत जाताना रोज तो समोर येतो. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यात काही दिसत नसेल. मला पाटकर बाई दिसतात. दोन्ही चित्रांत दिसतात.

'मेद' हा शब्द मला त्यांनी दिला. त्याआधी आमच्याकडे एकच शब्द होता, चरबी, आणि तो भांडणात वापरायचा असतो एवढंच ठाऊक होतं. "लई चरबी चढलीय का? उतरवू?" बारवी धरणाच्या बाजूला डोंगराला टेकून आमचा पाडा आहे. तिथे कोणाच्या अंगावर चढलेली चरबी मी तरी पाहिली नव्हती. मी त्या पाड्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., बी.एड. हे मी कुठेही सांगते. लोकांना बढाई वाटते, वाटू दे. पण पदवीमागे कोण उभं होतं ते सांगितलं नाही, तर मात्र ती खरंच बढाई होईल.

पाटकर बाई आम्हाला नववीला विज्ञान शिकवायच्या. बदलापूर गावातल्या आमच्या शाळेचे वर्ग जुने, दारं अरुंद. बाई दारातून किंचित तिरक्या होऊन आत यायच्या आणि आल्या की वर्ग भरल्यासारखा वाटायचा. राहायला अंबरनाथ पूर्वेला, एकट्या. लग्न झालं नव्हतं. मुलगी अंगानं जास्त आहे, असं म्हणून बघायला आलेले लोक परत जात, हे त्यांनीच पुढे कधीतरी हसत सांगितलं. हसत सांगायची त्यांना सवय होती. स्टेशनहून शेअर रिक्षानं यायच्या. त्या मागे बसल्या की रिक्षावाला पुढे, स्वतःच्या शेजारी, चौथं गिऱ्हाईक घेत नसे. तीनही चाकांना आधीच पुरे झालं, असं त्याचं म्हणणं. बाई म्हणायच्या, "मी बसले की रिक्षा कायद्यात येते."

'ऊती' हा धडा सुरू व्हायच्या दिवशी कोणीतरी फळ्यावर चित्र काढून ठेवलं होतं. एक मोठा गोल, त्यावर छोटा गोल, छोट्या गोलाला अंबाडा, आणि खाली 'ढोली'. बाई आत आल्या. फळा बघितला. आम्हाला वाटलं, आता सगळ्यांना उभं करतील. त्यांनी खडू घेतला आणि चित्राकडे डोकं वाकडं करून पाहिलं.

"काढणाऱ्याचा हात चांगला आहे. पण आकृतीला नावं दिलेली नाहीत. नावं दिली नाहीत तर गुण जातात, किती वेळा सांगायचं?"

मग त्यांनी त्या गोलाला बाण काढले. पोट, मांडी, दंड. प्रत्येक बाणापुढे नीट अक्षरात लिहिलं, मेद ऊती. खाली 'ढोली' पुसून शीर्षक दिलं, 'मेद ऊतीची शरीरातील स्थाने'.

"इंग्रजीत हिला ॲडिपोज टिश्यू म्हणतात. म्हणा."

आम्ही म्हटलं. पहिल्यांदा हसत, दुसऱ्यांदा कमी हसत.

"आता सांगते ही काय करते. खाल्लेलं जास्त झालं की साठवून ठेवते. थंडीत ऊब देते. मूत्रपिंडाभोवती गादी घालते. तुमच्या डोळ्यांच्या खोबणीतही ती असते, नाहीतर पळताना तुमचे डोळे गोट्यांसारखे खडखडले असते." सगळ्यांनी नकळत डोळ्यांना हात लावले. "आणि टाचेखाली. दाबून बघा. तीही मेदाचीच गादी. उपास पडला की शरीर पोटावरचा मेद खातं, दंडावरचा खातं, गालांवरचा खातं. टाचेखालच्याला मात्र सहसा हात लावत नाही. का? माणसाला उभं राहायचं असतं."

मागच्या बाकावरून एकजण बोलला, "बाई, तुम्हाला उपास केला तरी चालेल."

बाई म्हणाल्या, "चालेल की. तुझ्याआधी मी मरायची नाही, बाळा. मी खात्यापित्या ऊतीची आहे."

तो वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर येऊन बघून गेले.

दहावीनंतर मला वांगणीला एका फार्महाऊसवर कामाला ठेवायचं ठरत होतं. मुंबईची माणसं शनिवारी-रविवारी यायची, त्यांची झाडलोट, भांडी. बाबांनी शब्दही देऊन टाकला होता. मी बाईंना सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं आणि एका रविवारी त्या पाड्यावर हजर झाल्या. रिक्षा खालच्या रस्त्यालाच थांबते. तिथून बांधावरून चालत, चपला हातात घेऊन आल्या. घामानं निथळत होत्या, आणि पाड्यातली सगळी पोरं मागे.

आमच्याकडे पाहुणी बाई आली की आधी तिचा दंड दाबून बघतात. ओट्यावर बसवायच्या, पाणी द्यायच्या आधी. अंग धरलंय की उतरलंय, ते हाताला कळतं, आणि मग कशी आहेस हे वेगळं विचारावं लागत नाही. आईनं बाईंचा दंड दोन्ही हातांनी दाबला. तिच्या दोन पंजांत तो मावला नाही. आईचा चेहरा खुलला.

"अगो बाय! अंग बेस भरलाय तुझा! घरात भात हाय तुझ्या."

आई जगात सगळ्यांनाच 'तू' म्हणते. मी शरमेनं खाली बघत होते. वर बघितलं तर बाईंच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"जनाबाई," त्या आईला म्हणाल्या, "असं माझ्या आईनंसुद्धा मला कधी म्हटलं नाही गं. आमच्या घरात सगळ्यांच्या पानात भात वाढत. माझ्या पानात नुसता दाखवत."

"का? तू काय चोरी केलीस?"

"जाड होते."

आईला ते कळलंच नाही. तिनं दोनदा विचारलं. जाड असलेल्या पोरीला कोणी जेवायला कमी वाढेल, हे तिच्या डोक्यात बसेना. मग तिनं बाईंना समजावलं, लहान मुलीला समजवावं तसं. "भात घरात आला का आमचा अंग धरतो. शिमग्यापासून उतरायला लागतो. आषाढात येऊन बघ, नुसती हाडां. अंगातली कणगी रिती होते ना."

कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणानं सारवलेली भाताची कोठी. आमच्या घरात कोपऱ्यात उभी होती, बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

"सगळी रिकामी होते?"

"बियाण्याचा ठेवतो जरा. त्याला हात नाय लावायचा. उपाशी मेला तरी नाय."

"टाचेखालचा," बाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या. मला समजलं. आईला समजायचं कारण नव्हतं.

मग त्या बाबांशी बोलल्या. विज्ञान शाखा, वसतिगृह, शिष्यवृत्ती. बाबा जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिले. शेवटी निकाल आईनं दिला. "हिला शिकव. एवढ्या अंगाची बाय खोटा कशाला बोलंल? तिला काय कमी हाय?" वांगणीचं काम तिथेच मोडलं.

त्यानंतर दरवर्षी नववीच्या वर्गात बाई मेद ऊतीपाशी आल्या की सांगायच्या, "मेद म्हणजे अंगातली कणगी. हे वाक्य पुस्तकात नाही आणि माझंही नाही. बारवीच्या जनाबाईंचं आहे. परीक्षेत लिहा, मी पूर्ण गुण देईन." आणि देत.

मी बी.एड. होऊन त्याच शाळेत लागले तेव्हा बाईंची निवृत्ती जवळ आली होती. मी त्यांना बाईच म्हणायची, त्या मला 'मॅडम' म्हणून चिडवायच्या. शनिवारी शाळा सुटली की कधी कधी आम्ही उल्हासनगरला जायचो. तिथे दाल-पकवान खायचं, डाळीबरोबर मोठी कुरकुरीत पुरी, आणि मग बाईंच्या ब्लाउजवाल्याकडे, लच्छूभाईंकडे. सिंधी म्हातारा, गळ्यात टेप, तोंडात कायम टाचण्या. बाईंना 'दादी' म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. बाईंना ब्लाउजला अख्खा मीटर लागायचा. "बाकीच्या बायका कापड वाया घालवतात," त्या म्हणायच्या, "मी भरून दाखवते."

त्या बारीक व्हायला लागल्या ते आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. भरलेल्या कणगीतून पायलीभर काढलं तर कुठे दिसतं? मग एकदम दिसायला लागलं. गालांची हाडं वर आली, मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. स्टाफरूममध्ये नुसता जल्लोष. आमच्या गीता मॅडम तर रोज मागे लागलेल्या.

"बाई, सांगा ना, कोणतं डाएट? रात्रीची पोळी बंद केलीत का?"

"काही नाही गं. चालते रोज."

"नुसतं चालून? मी पण चालते की! माझं तर एक इंच हलत नाही."

"तू मोबाईल बघत चालतेस," बाई म्हणायच्या, आणि सगळे हसायचे.

मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर मुलांपुढे त्यांचं उदाहरण दिलं, निश्चय असावा तर पाटकर बाईंसारखा. रिक्षावाल्यानं एक दिवस पुढे चौथा माणूस घेतला आणि मागे वळून म्हणाला, "अब चलता है मॅडम, आप तो हीरोइन हो गई." बाईंनी ते मला शाळेत येऊन दोनदा सांगितलं. त्या आठवड्यात त्या पंजाबी ड्रेस घालून आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. पोपटी रंगाचा, फिटिंगचा. वर्गात मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई लाजल्या. त्यांना लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. फार सुंदर दिसत होत्या, हे खोटं नाही.

पण डबा अर्धा राहायला लागला. पकवानातला मोठा तुकडा माझ्या ताटलीत यायला लागला. पाठ भरून येते म्हणून तास घेताना खुर्चीवर बसायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं."

लच्छूभाई तर खूश. टेप लावून ओरडला, "अरे दादी! आधी रह गई! सब पुराने ब्लाउज ले आओ, काट के फिटिंग कर देता हूँ."

"काटना मत, लच्छूभाई," बाई पटकन म्हणाल्या. "अंदर दबा के रखो. शिलाई खोली की परत मोठा झाला पाहिजे."

"क्यों दादी, वापस मोटी होना है?"

"हाँ," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

आणि त्या वर्षी ऊतींचा धडा आला तेव्हा मला म्हणाल्या, "नववीचा हा धडा यंदा तू घे." मी म्हटलं, बाई, हा तर तुमचा धडा. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "घे गं. मला नको वाटतंय." मी शिकवला. मेद ऊती कुठे असते, काय करते, कशी साठते. बाहेर व्हरांड्यात त्यांची सावली दिसली आणि थोड्या वेळानं गेली.

माझ्या भावाचं लग्न मार्गशीर्षात होतं. बाई हळदीला पाड्यावर आल्या. या वेळी रिक्षापासून वरपर्यंत यायला त्यांना फार वेळ लागला, दोनदा बांधावर बसल्या. पाड्यात आनंद होता, भात झोडून झालेलं, घराघरांत कणग्या गळ्यापर्यंत भरलेल्या. अंगणात ढोल लागला होता. पोपटी ड्रेस बघून पोरी पुढे धावल्या. आई आतून हळदीच्या हातांनी बाहेर आली आणि सवयीनं तिनं बाईंचा दंड धरला.

तिची बोटं पलीकडे एकमेकांना लागली.

आईनं हात काढला नाही. दुसरा दंड धरून बघितला. मग बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"बाय, तुझी कणगी कोणी रिती केली?"

"चालते गं रोज, जनाबाई."

"आमी बी चालतो."

बाई हसायला गेल्या. ते हसू अर्ध्यावर थांबलं. आईनं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं नाही की काही नाही, समोर उकिडवी बसली. मी दाराशी होते. पुढे ढोल वाजत होता, तरी मला सगळं ऐकू आलं.

"सुगीच्या दिवसांत अंग उतरतो व्हय कोणाचा?" आई म्हणाली. "तुला कळंना? तू तर शिकवतेस."

"मला कळतंय," बाई म्हणाल्या. "पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी विज्ञान शिकवते, जनाबाई. आपोआप असा मेद जात नाही."

"मग?"

बाईंनी मान खाली घातली. दंडावर आईच्या हळदीची बोटं उमटली होती, ती त्या बघत होत्या.

"उभ्या जन्मात पहिल्यांदा लोक मला बघून छान म्हणायला लागले गं. रस्त्यात थांबवून म्हणायला लागले. एकदा डॉक्टरकडे गेले की ते छान संपणार, हे ठाऊक होतं. म्हटलं, थोडे दिवस ऐकून घेऊ. पुढच्या महिन्यात जाऊ. मग परत पुढच्या."

मला वाटलं आई ओरडेल. आई पदरानं त्यांच्या दंडावरची हळद पुसत राहिली.

"आयकलास ना पोटभर? आता बास. उद्या हिच्यासंगं डाक्टरकडं जायचा."

त्या गेल्या. मी बरोबर होते. अंबरनाथच्या डॉक्टरनं मुंबईला पाठवलं, मुंबईच्यानं सगळ्या तपासण्या केल्या. स्वादुपिंड. त्याची आकृती बाई फळ्यावर एका रेषेत काढायच्या, पानासारखी. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "थोडं आधी आला असतात तर..." आणि वाक्य अर्धं सोडून कागद लावायला लागला. बाहेर बाकावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "रिकाम्या जागा भरा." मग माझा हात धरून रडत राहिल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

शाळेत कळलं तेव्हा गीता मॅडम स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत रडल्या. भेटायला आल्या तेव्हा बाईंच्या पायाशी बसून म्हणाल्या, "मी तुम्हाला रोज डाएट विचारत होते हो, बाई." बाई त्यांचं डोकं थोपटत म्हणाल्या, "वेडे, तू तर माझे दिवस गोड केलेस." हे त्या धीर द्यायला म्हणाल्या नाहीत. मी तिथे होते, ते खरं होतं. आणि त्याचाच मला अजून राग येतो. त्यांचा नाही. त्यांच्या पानात नुसता भात दाखवणाऱ्या घराचा, त्या बघायला येऊन परत गेलेल्या माणसांचा, फळ्यावरच्या त्या गोलाचा. त्या सगळ्यांनी मिळून एका बाईला अशी उपाशी ठेवली की शब्दाचा घास मिळाल्यावर तिला तो सोडवेना.

शेवटचं बघितलं ते अंबरनाथच्या घरी, दुपारी. आई नव्या तांदळाची पेज घेऊन माझ्याबरोबर आली होती. कपाटाच्या दाराला पोपटी ड्रेस टांगलेला. बाई पलंगावर, इतक्या थोड्या जागेत की चादरीखाली कोणी आहे हे शोधावं लागावं. डोळे खोल गेले होते. पेजेचे दोन चमचे घेतले आणि पुरे म्हणून हात हलवला.

"तो धडा घेतलास," त्या मला म्हणाल्या. आवाज फुंकरीएवढा. "कणगी सांगितलीस?"

"सांगितली."

"कोणाची म्हणून?"

"जनाबाईंची."

"बरोबर," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

आईला रिकाम्या हातानं बसणं जमत नाही. तिनं वाटीत खोबरेल घेतलं, पायाशी बसली आणि चादर बाजूला करून बाईंच्या तळव्यांना लावायला लागली. पिंढरीवर हाड आणि कातडी. घोटा, हाड आणि कातडी. मग टाच तिच्या हातात आली आणि ती थांबली. अंगठ्यानं तिनं हळूच दाबलं, पाड्यात दंड दाबतात तसं. परत दाबलं.

"बाय," ती म्हणाली, "हिथं हाय गं. हिथं हाय अजून."

बाईंनी डोळे उघडले नाहीत, पण ओठ हलले. "बियाण्याचा," त्या म्हणाल्या.

मी पेजेचं भांडं उचलून स्वयंपाकघरात ठेवायला गेले. दारातून वळून पाहिलं तर आईनं तेल लावणं सोडून दिलं होतं. ती नुसती बसली होती, ती टाच दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन, खाली न ठेवता.